उत्तर न देणाऱ्यांचे काय?

युद्ध पेटले किंवा थांबले, की जगाचे लक्ष मृतांच्या आकड्याकडे जाते. वैद्यकीय मदत पोचवणाऱ्यांना मात्र जिवंत माणसांविषयीचे प्रश्न सोडवायचे असतात. घर सोडून गेलेले लोक आहेत कुठे? पाणी कुठून भरतात? मधुमेह्याला इन्सुलिन मिळते का? क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सुटल्या का? गोळीबारातून वाचलेला माणूस या साध्या गोष्टींअभावी दगावू शकतो. शांततेच्या काळात अशी माहिती घरोघर फिरून गोळा केली जाते. पण रस्त्यात सुरुंग, यादीतली घरे पडलेली आणि जुनी जनगणना निरुपयोगी झालेली, अशा ठिकाणी सर्वेक्षक जाणार कसा? म्हणून संशोधक आता लोकांच्या हातातल्या फोनकडे वळले आहेत.

युक्रेनचे उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले आणि लाखो लोक घरे सोडून निघाले. कोणत्या प्रांतात, कोणत्या वयाचे, किती लोक फेसबुक वापरत आहेत याचे ढोबळ आकडे ही कंपनी जाहिरातदारांना देते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ते रोज टिपले. युद्धापूर्वीची लोकसंख्या आणि तेव्हाचे वापरकर्ते यांचे गुणोत्तर लावून त्यांनी अंदाज बांधला, की १४ मार्चपर्यंत सुमारे ५३ लाख लोक आपला प्रांत सोडून देशातच दुसरीकडे गेले आहेत. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने यादृच्छिक पद्धतीने क्रमांक निवडून २,००० लोकांना फोन केले. त्यांचा अंदाज होता सुमारे ६५ लाख. दोघांची व्याख्या एक नव्हती. प्रांताच्या आतल्या आत हललेली माणसे पहिल्या मोजणीत धरलेली नव्हती. तरीही तीन आठवड्यांच्या आत विस्थापनाचा आवाका कळला, ही मोठी गोष्ट आहे. तंबू, लसी आणि औषधे कुठे पाठवायची हे ठरवायला असा आकडा उपयोगी पडतो.

समाजमाध्यमांचा दुसरा उपयोग म्हणजे थेट प्रश्न विचारणे. एखाद्या भागातल्या लोकांना जाहिरातीसारखी एक लिंक दिसते. ती उघडली की घर, पाणी, अन्न, औषध, उत्पन्न यांविषयीची प्रश्नावली समोर येते. खर्च कमी, वेळ कमी, आणि सर्वेक्षकाच्या जिवाला धोका नाही. खरी सावधगिरी इथेच लागते.

ओपीडीतल्या गर्दीवरून गावाचे आरोग्य ठरवू नये, हे आम्हा डॉक्टरांना विद्यार्थिदशेतच शिकवले जाते. ज्याच्याकडे एसटीच्या भाड्याचे पैसे आहेत, ज्याच्यासोबत यायला कोणी आहे, तो रुग्णालयात पोचतो. अंथरुणाला खिळलेली म्हातारी केसपेपर काढायला येत नाही. फोनवरच्या सर्वेक्षणाचेही तसेच आहे. ज्याचा फोन चार्ज आहे, ज्याला रेंज मिळते, ज्याला वाचता येते आणि ज्याच्या मनाला प्रश्नावली भरण्याइतकी उसंत आहे, तोच उत्तर देतो. मार्च २०२२ मध्ये वेढ्यात सापडलेल्या मारिउपोल शहरात वीज आणि मोबाइल सेवा दोन्ही बंद पडल्या होत्या. तिथला एखादा वापरकर्ता दिसेनासा झाला, तर तो सुखरूप बाहेर पडला, त्याच्या फोनची बॅटरी संपली, की तो ढिगाऱ्याखाली आहे? आकड्यांच्या तक्त्यात तिन्हींची नोंद सारखीच होते.

उत्तरे लाखांत असली की चूक आपोआप भरून निघते, असा एक समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांना कोविड लसीबद्दल विचारले जात होते. मे महिन्यात त्या सर्वेक्षणाने लस घेतलेल्यांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा १७ टक्के-बिंदूंनी जास्त दाखवले. जेमतेम हजार माणसांचे, पण नीट निवडलेल्या नमुन्याचे दुसरे एक सर्वेक्षण सत्याच्या कितीतरी जवळ होते. हा अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. नमुना एका बाजूला झुकलेला असेल, तर तो मोठा करून झुकाव जात नाही. चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो. अमेरिकेत लशींची सरकारी नोंद होती, म्हणून ही चूक पकडता आली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशात ताडून पाहायला अशी नोंदही नसते.

आपल्याकडचा एक आकडा इथे बोलका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, सुमारे ६ लाख ३७ हजार घरांत माणसे प्रत्यक्ष जाऊन आली. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्के आणि पुरुषांचे ५७ टक्के निघाले. हीच पाहणी समाजमाध्यमांवरून केली असती, तर दर तीन स्त्रियांपैकी दोघींपर्यंत प्रश्नच पोचला नसता. मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये हिंसाचार उसळल्यावर मोबाइल इंटरनेट कित्येक महिने बंद होते. अशा वेळी फोनवर भरवसा ठेवणारी पद्धत नेमकी गरजेच्या क्षणी मुकी होते.

मग ही साधने टाकून द्यावीत का? मुळीच नाही. ताप मोजणारा थर्मामीटर निदान करत नाही, म्हणून आपण तो फेकत नाही. पण काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. एक, प्रत्येक आकड्यासोबत उत्तरे कुठून आली आणि कुठून आली नाहीत, याचा नकाशा द्यावा. जिथून एकही उत्तर नाही तो भाग ‘तक्रार नाही’ असा न धरता सर्वांत आधी तपासायचा भाग समजावा. दोन, उत्तर देणाऱ्याला घरातल्या लहान मुलांबद्दल, वृद्धांबद्दल आणि आजाऱ्यांबद्दलही विचारावे, कारण त्यांच्या हातात फोन नसतो. तीन, रस्ता उघडताच थोड्या का होईना, पण यादृच्छिक निवडलेल्या घरांत माणूस पाठवावा आणि फोनवरची माहिती त्याच्याशी व आरोग्य केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहावी. चार, उत्तर देणाऱ्याची ओळख कोणालाही लागता कामा नये. संघर्षाच्या प्रदेशात गाव, वय आणि घरातल्या तरुण मुलांची संख्या एवढी माहितीसुद्धा चुकीच्या हाती पडली, तर जिवावर बेतू शकते.

या पथ्यांकडे दुर्लक्ष झाले तर मदतीचा ट्रक रेंज असलेल्या गावाकडे वळेल आणि रेंज नसलेल्या गावातला इन्सुलिनवरचा रुग्ण वाट पाहत राहील. अपघात विभागात ओरडणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात, पण अनुभवी नर्स आधी गप्प पडलेल्याची नाडी पाहते. युद्धानंतरच्या आकड्यांकडे पाहण्याची रीतही तीच असली पाहिजे.