शेती पाहिजे, शेतकरी नको

मागच्या रविवारी शेजारच्या पोराले घेऊन देवळी तालुक्यात पोरगी पाहाले गेलो होतो. पोरगा पदवीधर, सात एकर ओलिताची शेती, व्यसन नाही. पोहे झाले, चहा झाला. पोरीच्या बापानं विचारलं, "शेती किती?" ऐकून खूश झाले. मग, "बरं, पण पोरगा करते काय?" शेतीच करतो म्हटल्यावर गोष्ट पावसापाण्यावर गेली.

येताना गाडीत एक जण म्हणाला, आजकालच्या पोरींच्या अपेक्षा भल्ल्याच वाढल्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरही रोज हेच असते. मला ते पटत नाही, म्हणून हे लिहितो.

सिनेमानं आपल्याला प्रेमातला पैसा दिसूच दिला नाही. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) मधला राज आठवा. परीक्षेत नापास, कामधंदा नाही, पण बाप लंडनचा श्रीमंत. हाच राज हिंगणघाटच्या मार्केटात कापसाची गाडी घेऊन रांगेत उभा असता, तर बाऊजींनी सिमरनचा हात सोडला असता काय?

२०२५ च्या 'मटेरियलिस्ट्स' या इंग्रजी सिनेमात न्यूयॉर्कची एक बाई लग्नं जुळवते. तिथंही उंची आणि पगार आधी विचारतात! पण शेवटी तीही पैसेवाल्याला सोडून जुन्या कडक्या मित्राकडेच जाते. सिनेमा आहे, चालते.

आपल्याकडचे दोन सिनेमे मात्र खरं बोलले. 'नवरदेव बीएससी ॲग्री' (२०२४) मध्ये शिकलेल्या शेतकरी पोराला पोरगी भेटत नाही. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातला. गावातलीच माणसं घेऊन केलेला, २०२३ ला टोरंटोच्या महोत्सवात पुरस्कार मिळालेला. त्यात कापूसवाल्याच्या पोरीला पाहुणे पुन्हा पुन्हा पाहून जातात. तेच प्रश्न, तोच नकार, वर हुंडा.

लोक एक सिनेमा पोरांचा आणि दुसरा पोरींचा म्हणून पाहतात. मला दोन्हीत एकच घर दिसते. शेतकऱ्याला नकार देणारा बाप स्वतःच शेतकरी आहे. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये होता. पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय घेत नाही, मग व्यापारी म्हणेल तो भाव. वेचणीची मजुरी रोख, चुकारा मागून. आयुष्यभर हा हिशोब केलेला माणूस पोरगी पुन्हा त्याच हिशोबात कशाला देईल? याला हाव नाही म्हणत, अनुभव म्हणतात.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. नोकरीवाला जावई फुकट येत नाही. १९६१ पासून हुंड्याला कायद्यानं बंदी आहे, तरी मानपानाच्या नावावर आकडा ठरतोच. म्हणजे पोरीला शेतीतून बाहेर काढायला बाप शेतीच विकतो.

आणि त्या रविवारी पोरीला कोणी काय विचारलं? नाव, शिक्षण, उंची. तिनं सांगितलं आणि ट्रे उचलून आत गेली. तिला शेतकरी चालला असता की नाही, ते तिच्या बापानं विचारलं नाही, आम्हीही नाही. मी स्वतः तिथंच बसलो होतो.

येत्या रविवारी आर्वीकडे जायचं आहे. पोराला सांगून ठेवलं, या वेळी तू बोल तिच्याशी, आम्ही अंगणात बसतो.