रात्री पाठ, सकाळी पाटी कोरी

सक्करदरा चौकात सकाळी सात वाजता तर्री-पोहा खाताना माझा रूमपार्टनर थर्मोचा दुसरा नियम धडाधड सांगत होता. अकरा वाजता व्हायवात त्याला तोच नियम विचारला, तर पठ्ठ्या गप्प! घाम फुटला, हात थरथरले. एक्स्टर्नल म्हणाले, "अभ्यास न करता येता कशाला?" आणि रात्री होस्टेलवर आम्ही काय म्हटलं? "काहून बे, फाटली का?" सगळे हसले. तोही हसला. मग तीन दिवस तो मेसमध्ये दिसला नाही.

मित्रांनो, त्या हसण्यात मीही होतो, म्हणून हा लेख.

परीक्षेची धडधड सगळ्यांनाच होते, आणि थोडी हवीही असते. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना विजेचे धक्के देऊन शिकवून पाहिले. काम अवघड असेल तेव्हा उंदीर मध्यम धक्क्यावर लवकर शिकले, जोराच्या धक्क्यावर नाही. आपलंही तसंच आहे.

पण चिंताविकार म्हणजे नुसती धडधड नव्हे. त्यात पेपर संपला तरी काळजी संपत नाही. महिनोन्‌महिने बहुतेक दिवस ती डोक्यात फिरत राहते. झोप उडते, चिडचिड होते, पुस्तकाच्या ओळीवरून डोळे फिरतात पण आत काही शिरत नाही. बरं, जे शिरलं ते पक्कं व्हायला झोप लागते, आणि नेमकी तीच गायब!

गणित सोडवताना आकडे तात्पुरते धरून ठेवणारी जी स्मृती असते, तिची जागा मोजकीच. आपल्या भाषेत रॅम म्हणा. 'बॅक लागला तर घरी काय सांगू?' हा प्रोग्रॅम मागे सतत चालू असेल, तर थर्मोला जागा उरणार कुठे? त्यात ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल वाढतं आणि साठवलेली आठवण वेळेवर बाहेर येत नाही. म्हणूनच खोलीबाहेर पडल्यावर उत्तर फटकन आठवतं. म्हणजे पाठ केलेलं पुसलं गेलेलं नसतं, दाराशी अडकलेलं असतं. अशा मुलाला 'ढ' म्हणणं चूकच, आणि 'मन खंबीर कर' म्हणणंही फुकाचंच.

काही सर म्हणतील, "उद्या इंटरव्ह्यूत कोण सांभाळून घेणार?" मुद्दा बरोबर आहे. प्रश्न सोपे करा असं आम्ही म्हणतच नाही. फक्त अडकलेल्या मुलाला दोन मिनिटं आणि एक कोरा कागद द्या. आकृती, सूत्र कागदावर उतरलं की डोक्यावरचं ओझं तेवढंच कमी होतं. आणि खरंच अभ्यास केला नसेल, तर कागद कोराच राहील की!

दुसरी मागणी कॉलेजकडे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. आमच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डवर मेसच्या थकबाकीची यादी असते. त्याशेजारी समुपदेशकाचं नाव आणि वेळही लागू द्या. आणि तिथे कोण गेलं याची नोंद वॉर्डनच्या टेबलावर नको, नाहीतर कुणी फिरकणारच नाही.

तोवर काय? १४४१६ हा केंद्र सरकारचा टेली-मानस क्रमांक २०२२ पासून आहे. फोन मोफत, रात्री-अपरात्रीही लागतो. आपलं मेडिकलही सक्करदऱ्याहून लांब नाही, तिथे मानसोपचार विभाग आहे. विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारे बोलण्याचे उपचार, आणि गरज पडली तर औषधं, यांनी हा विकार आटोक्यात येतो. लाजायचं कशाला? मलेरिया झाला तर लाजतो का आपण?

माझा रूमपार्टनर एकटा जायला तयार नव्हता. दोघं ऑटोने गेलो, बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहिली. तेवढं केलं तरी पुरे असतं. पुढच्या वेळी कुणी व्हायवातून मान खाली घालून आला, तर 'फाटली का' विचारण्याआधी जरा त्याच्याजवळ बसा.