देवळाची पंगत आणि उद्याचे आहारवेड

आहाराचे पुढचे वेड कोणते येणार, असा प्रश्न मला हल्ली वकिलीच्या खोलीतही विचारण्यात येतो. दाव्याला पुढची तारीख पडली की अशील खुर्ची किंचित पुढे ओढतो आणि आवाज उतरवून म्हणतो, "वकीलसाहेब, भात सोडावा की पोळी?" ज्योतिष हा माझा व्यवसाय नव्हे. तथापि या एका बाबतीत भविष्य वर्तविण्याचे धाडस मी करणार आहे, कारण त्या भविष्याचा करारनामा माझ्या टेबलावर येऊन पडला आहे. पुढचे वेड आपल्या देवळाच्या स्वयंपाकघरातून निघणार आहे, आणि ते विकण्यासाठी आपलीच संमती मागितली जाणार आहे.

आहारवेडांची कुंडली मांडणे फारसे कठीण नाही. प्रत्येकाला एक आकडा लागतो आणि एक वर्ज्य पदार्थ लागतो. अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थाने घास चावण्याचाच धर्म केला होता. आपल्याकडे २०१८-१९ च्या सुमारास मराठी घरांत दोन पंथ झाले. ऋजुता दिवेकर सांगत की दर दोन तासांनी थोडेथोडे खावे, डॉ. जगन्नाथ दीक्षित, दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराचा आधार घेऊन, सांगत की दिवसातून दोनदाच खावे आणि तेही ५५ मिनिटांच्या आत. दोघांच्याही हेतूविषयी मला शंका नाही. दीक्षितांनी आपल्या उपदेशाचे मोल घेतले नाही, हेही नमूद केले पाहिजे. परंतु सासरे एका पंथाचे व सून दुसऱ्या पंथाची अशा घरांत ओट्यापाशी उभे राहणारी बाई एकच होती, आणि तिने घड्याळाकडे पाहत दोन्ही शास्त्रे सांभाळली. तिचे वजन किती उतरले, हे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मग २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष आले. भारतानेच त्याचा प्रस्ताव मांडला होता आणि हेतू चांगला होता. पण आपल्या आजीने जी नाचणी काही न बोलता अंबिलीत घातली, ती चकचकीत पुडक्यात शिरली आणि नातवाला परवडेनाशी झाली!

गांधीजींचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. १९२९ साली त्यांनी न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग केला. प्रकृतीने साथ दिली नाही, तेव्हा त्यांनी तो सोडला आणि सोडल्याचे स्वतःच्या पत्रातून जाहीर केले. आजच्या आहारगुरूंपैकी आपला प्रयोग फसल्याचे छापून सांगणारा एक तरी कोणी दाखवावा.

वेडात हरवते ते मुख्यतः स्वयंपाकघरातले शहाणपण. आमच्या बडोद्यात कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्या मंडळींत एके काळी दुधीच्या रसाची मोठी चलती होती. दुधी चिरण्यापूर्वी त्याची एक चकती जिभेवर ठेवून पाहावी आणि कडू लागल्यास तो टाकून द्यावा, हे प्रत्येक घरी ठाऊक असलेले ज्ञान. रसाच्या पेल्यात मात्र कडूपणा हाच गुण ठरला. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस प्याल्यानंतर मृत्यू झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि त्या समितीने सांगितले ते हेच की कडू लागल्यास पिऊ नका. आजीने हे विनासमिती सांगितले होते.

आता भविष्याकडे वळतो. २०२५ च्या मार्चमध्ये तिर्झेपाटाइड आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइड ही वजन उतरविणारी इंजेक्शने भारतात विक्रीस आली. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट सरले की स्पर्धा येते आणि किंमत उतरते, हा त्या कायद्याचा क्रमच आहे. म्हणजे सडपातळपणा औषधाच्या दुकानात मिळू लागला. ही औषधे डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यावयाची. त्यांच्याविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्यांचा धंदा कंबरेच्या घेरावर चालत होता, त्यांनी आता विकावे काय? जे सुईतून देता येत नाही तेच त्यांना विकावे लागेल. ते म्हणजे पावित्र्य.

याची चिन्हे केव्हाच दिसू लागली आहेत. यिस्टच्या पेशींवर काम करून आत्मभक्षणाच्या प्रक्रियेचा उलगडा करणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले, आणि लगोलग आपल्या एकादशीला नोबेल मिळाल्याचे निरोप घरोघर फिरले. एकादशीला जपानी प्रमाणपत्राची गरज का भासावी? दुसरे उदाहरण दुधाचे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दूध-तुपाच्या पुडक्यांवरील 'ए-वन', 'ए-टू' हे दावे काढण्यास सांगितले आणि २६ ऑगस्टला, म्हणजे पाचच दिवसांनी, तो आदेश मागे घेतला. पुडक्यावरच्या शब्दांत किती बळ आहे, हे त्या पाच दिवसांनी दाखविले.

'सात्त्विक' हा त्या शब्दांतला नवा राजा आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यात सात्त्विक अन्नाला स्निग्ध म्हटले आहे. आमचे विक्रेते त्याच नावाखाली तेलविरहित कुरकुरीत वस्तू विकतात. सहावा अध्याय तर अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग नाकारतो. ते कोणी पुडक्यावर छापीत नाही.

आता त्या मसुद्याविषयी. गाव आणि देऊळ सांगत नाही, कंपनीही नाही. आपल्याच समाजाच्या एका देवस्थानाच्या विश्वस्तांनी तो मजकडे वाचावयास पाठविला. एकवीस दिवसांचा 'प्रसाद-आहार', डब्यावर देवस्थानाचे नाव व शिखराचे चित्र, विक्रीतील काही हिस्सा जीर्णोद्धाराला. करारात बारीक अक्षरांत कलम होते की कोणताही वैद्यकीय दावा केलेला नाही. सोबतच्या पत्रकात मात्र ठळक अक्षरांत साखर आणि लठ्ठपणा जाणार असल्याची हमी होती. विश्वस्तांपैकी एक वयोवृद्ध मामा फोनवर म्हणाले, "अरे, नैवेद्यच तर आहे. त्यात वाईट काय?"

वाईट काय ते सांगतो. त्या डब्याला औषध म्हणावे, तर आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा आडवा येतो. त्याच्या अनुसूचीत मधुमेहही आहे आणि लठ्ठपणाही. अन्न म्हणावे, तर २०१८ चे जाहिरात व दाव्यांविषयीचे विनियम रोग बरा करण्याचा दावा करू देत नाहीत. अन्नसुरक्षा कायदा २००६, कलम ५३, याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो प्रसिद्ध करणाऱ्याइतकाच त्या प्रसिद्धीत सहभागी असणाऱ्यालाही. ज्यांच्या देवाचे शिखर डब्यावर आहे, ते सहभागी नव्हते असे कोणत्या तोंडाने सांगणार?

पण दंड ही लहान गोष्ट. गोव्याकडच्या आपल्या देवळातली पंगत आठवा. उकड्या तांदळाचा भात, खतखते, मणगणे. हे सणाचे जेवण आहे. त्यात गूळ आहे, नारळ सढळ आहे, आणि ते रोज जेवावे असे आपल्या पूर्वजांनी कधी म्हटले नाही. रोजच्या घरी पेज होती, वार पाहून बांगडा होता. सोमवार पाळला म्हणून मंगळवारची आमटी रुचत असे. त्या सबंध आयुष्यातून एकच ताट उचलायचे, त्याला 'मूळ सारस्वत आहार' म्हणायचे आणि मासळीचा उल्लेख गाळायचा, हा आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडात घातलेला खोटा जबाब आहे. शिवाय त्या डब्यावर विसंबून एखाद्या मावशीने इन्शुलिन बंद केले, तर देवस्थान तिच्या मुलांना काय उत्तर देणार?

पंगतीत आणखी एक गोष्ट असते, ती डब्यात येत नाही. वाढणारा शेजाऱ्याला विचारतो, पोटभर झाले का. उपवास करणाऱ्या घरातही दारी आलेल्याला जेवू घालतात. एकवीस दिवसांच्या त्या पत्रकात दुसऱ्या माणसासाठी जागा नाही. तेथे एक आरसा आहे आणि एक वजनकाटा.

जीर्णोद्धाराला पैसा हवा, हे मला ठाऊक आहे. सभामंडपाचे छत गळते, तेही मी पाहिले आहे. त्यासाठी वर्गणी मागावी. मी पहिली देईन.

मसुदा मी समासात शेरे मारून परत पाठविला असून त्यावर विश्वस्त मंडळाचा निर्णय व्हावयाचा आहे. मामांनी पुन्हा फोन केला होता. कंपनीने हिस्सा वाढविला आहे म्हणतात.