घरे मोजली, माणसे मोजली नाहीत

केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल १९६५ साली खुला झाला. मुंबईतील तो पहिलाच. त्याचे अभियंते शिरीष पटेल यांनी त्याच वर्षी चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता यांच्यासह 'मार्ग' नियतकालिकातून सुचविले की, शहर उत्तरेकडे लांबवीत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईच्या नियोजनाची धुरा आरंभीच्या काळात पटेल यांच्याकडे आली.

त्या योजनेचा हिशेब साधा होता. जमीन सरकारने आधी घ्यावी, रस्ते-पाण्याची सोय करावी आणि वाढलेल्या भावातून खर्च भागवून अल्प उत्पन्न गटाला परवडणारे भूखंड द्यावेत. पण माणूस राहतो तो कामाजवळ. म्हणून तेव्हाचे सचिवालय पलीकडे जाणे अगत्याचे होते. ते गेले नाही. उलट नरिमन पॉइंटवर मनोरे चढत राहिले. खुद्द सिडकोचे नोंदणीकृत कार्यालय तेथेच राहिले, हा विनोद कोणी मुद्दाम केला नसावा! या हिशेबात शेतकऱ्याचा रकानाही अपुराच होता. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची तरतूद झाली ती त्यानंतर.

पटेल यांचे खरे महत्त्व मात्र सिडको सोडल्यानंतरच्या लेखनात आहे, असे आम्हांस वाटते. १९९५ साली चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली, तेव्हा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तून त्यांनी तिच्या अर्थकारणावरच प्रश्नचिन्ह लावले. चटईक्षेत्र वाढविले की घरे स्वस्त होतात, हा आपल्या राज्यकर्त्यांचा आवडता समज. पटेल विचारीत, त्या क्षेत्रावर माणसे किती? हजार चौरस मीटर बांधकामात माणशी तीस मीटर वापरणारे श्रीमंत तेहतीस मावतील; माणशी पाच मीटरवर भागविणारे गरीब दोनशे. चटईक्षेत्र तेच, परंतु रस्ता, शाळा, मैदान व मलनिस्सारण यांवरील भार सहापट. गरिबांच्या वस्तीत निर्देशांक वाढवावयाचा तर भोवतालची मोकळी जागाही वाढावयास हवी. प्रत्यक्षात तीच जागा विक्रीच्या इमारतींखाली जाते, कारण 'मोफत' घराचा खर्च त्यांतूनच निघावयाचा असतो.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासासही त्यांनी उतारवयात याच कारणासाठी विरोध केला. उंच इमारती दाटीने उभ्या राहिल्या तर खालच्या मजल्यांना ऊन व वारा कोठून मिळणार, ही त्यांची तक्रार होती. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबाने पाचशे फुटांच्या घराला नाही म्हणावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. आम्हीही करीत नाही. तथापि वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील ही जमीन सरकारची होती. तिच्यावर विक्रीसाठी किती मनोरे उभारावयाचे, हे रहिवाशांनी ठरविले नव्हते. पटेल डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तले, तोवर वरळीत मनोरे चढू लागले होते.