आपला उजेड, त्याचा जीव

पावसाळा तोंडावर आला की आपली, बायकांची, यादी तयारच असते. कौलं चाळून झाली, मसाले कुटून झाले, लाकूडफाटा पडवीत आला, काड्यापेट्या डब्यात गेल्या. आमच्या कोकणात गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एक वस्तू आली आहे, ती म्हणजे जनरेटर! पूर्वी हा प्रकार फक्त मंगल कार्यालयात, नाहीतर भारनियमनाच्या काळात बाजारपेठेतल्या दुकानांबाहेर धडधडताना दिसायचा. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतले खांब काड्यांसारखे मोडले आणि कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पाठोपाठ मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, त्याच वर्षी जुलैत महाड-चिपळूणला पूर आला. तेव्हापासून ज्यांना परवडतं त्यांनी पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घेऊन ठेवला. त्यात गैर काहीच नाही. घरात म्हातारं माणूस आहे, फ्रिजमध्ये इन्शुलिन आहे, विहिरीवर पंप आहे. गरज खरीच आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. जनरेटर घेताना आपण दहा ठिकाणी भाव विचारतो. पण तो घराला जोडायचा कसा, हे मात्र कुणालाच विचारत नाही. 'लावेल कुणीतरी' म्हणून विषय संपतो. आणि मग तो जसा लावला जातो, ते बघून पोटात गोळा येतो.

बचत गटाच्या कामानं माझं घरोघरी जाणं होतं. बऱ्याच घरांत मी एक वायर पाहिली आहे. तिच्या दोन्ही टोकांना पिनांचा प्लग. एक टोक जनरेटरमध्ये घालायचं, दुसरं भिंतीवरच्या कुठल्याही सॉकेटमध्ये. की सगळ्या घराचे दिवे लागतात! केवढं सोपं! ना वायरमनचा खर्च, ना फोडाफोडी. पण मैत्रिणींनो, ही वायर म्हणजे घरात पाळलेला साप आहे. एक टोक जनरेटरला लावलेलं असताना दुसरं टोक सॉकेटमधून नुसतं निसटलं, तरी त्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. घरात रांगतं मूल असलं तर काय होईल, हे मी सांगायला हवं का?

आणि हा झाला फक्त घरातला धोका. खरा घात होतो तो घराबाहेर, खांबावर.

आपल्याला वाटतं, वीज तारेतून घरात येते, म्हणजे तिचा रस्ता एकेरी. तसं नसतं. सॉकेटमधून घरात सोडलेली वीज मेन स्विच चालू असेल तर मीटरमधून उलटी बाहेर पडते, गल्लीतल्या तारांवर जाते आणि रोहित्रापर्यंत पोचते. हे रोहित्र, म्हणजे आपला ट्रान्सफॉर्मर, ११ हजार व्होल्टची वीज उतरवून आपल्याला देतं. पण त्याला सरळ-उलट कळत नाही. खालून वीज दिली तर तो ती चढवून वर पाठवतो. आपल्या अंगणातले २३० व्होल्ट पलीकडे हजारो व्होल्ट होऊन उभे राहतात. आणि तिथे, तुटलेली तार जोडायला, भर पावसात चढलेला असतो वायरमन. सबस्टेशनातून लाइन बंद केलेली, म्हणून तो निर्धास्त.

कुणी म्हणतं, 'एवढ्याशा जनरेटरवर सगळ्या गावाचा भार आला तर तो आपोआपच बंद पडेल.' खरंय, बऱ्याचदा पडतोही. पण वादळात काय होतं? तार जवळच कुठेतरी तुटलेली असते. पुढे गाव जोडलेलंच नसतं, म्हणजे भारही नसतो. जनरेटर मजेत चालू राहतो आणि तुटक्या तारेचा तो तुकडा जिवंत होतो. दुसरं कुणी म्हणतं, 'वायरमन तपासूनच हात लावतात ना!' लावतात. लाइन तपासायची, तिला अर्थिंग द्यायचं, हा त्यांचा नियमच आहे. पण दहा ठिकाणी तुटलेली लाइन, अंगावर पाऊस, आणि गावातून 'लाईट कधी येणार' म्हणून सारखे फोन. त्यांनी चारला तपासली आणि आपण तिन्हीसांजेला जनरेटर सुरू केला, तर त्या तपासण्याचा काय उपयोग?

आमच्या गटात एका वायरमनची बायको आहे. पाऊस लागला की तिचं लक्ष फोनकडे. ती म्हणाली, 'ताई, हे खांबावर असले की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.' आता महावितरणमध्ये तंत्रज्ञ म्हणून मुलीही काम करतात, खांबावर चढतात. आपल्याच कुणाची तरी लेक वर असते. आपल्या घरातल्या उजेडासाठी तिचा जीव टांगणीला लावायचा का?

'आम्ही आठवणीनं मेन स्विच बंद करतो,' हे उत्तर मला हमखास मिळतं. अहो, पण आठवणीचा भरवसा किती? अंधार, घाई, पोर रडतंय, पाहुणे आलेत. आज तुम्ही बंद केलात, उद्या घरात पुतण्या असेल, परवा भाडेकरू. शिवाय कित्येक जुन्या घरांतला मेन स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. आणि जनरेटर चालू असताना अचानक बाहेरची लाईट आली तर दोन्ही विजा एकमेकींवर आदळतात. मग जनरेटर जळतो, नाहीतर वायरिंग पेटतं. जीव वाचवायची गोष्ट आठवणीवर सोडायची नसते, ती यंत्रावर सोपवायची असते.

त्या यंत्राचं नाव चेंजओव्हर स्विच. दुकानात याच नावानं मागा. याला एकच दांडी असते: एका बाजूला केली की बाहेरची लाईट, दुसऱ्या बाजूला केली की जनरेटर, मध्ये ठेवली की दोन्ही बंद. दोन्ही एकाच वेळी जोडले जाणं शक्यच नाही, मग दांडी कुणीही फिरवो. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, आयएसआय शिक्क्याचा आणि घराच्या भाराला पुरेल असा हवा. मीटर-मेनच्या पुढे तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्या. विजेच्या जोडणीचं काम परवानाधारकानंच करावं, असा कायद्याचाही नियम आहे. जनरेटरची वायर येण्यासाठी बाहेरच्या भिंतीवर झाकणाची पेटी बसते. तिच्यात पिना आत, भिंतीच्या बाजूला असतात आणि जनरेटरकडून येणाऱ्या वायरीला भोकांचं टोक असतं. म्हणजे जिवंत पीन कधी हातात येतच नाही. जनरेटरचं अर्थिंग आणि न्यूट्रल कसं करायचं, हे वायरमनला त्या जनरेटरच्या पुस्तिकेप्रमाणे करायला सांगा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तोही याच फेरीत बसवा आणि त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा. बाहेरची लाईट आली हे कळायला एक छोटा दिवा लाइनच्या बाजूला लावून घ्या, म्हणजे शेजारी डोकावायला नको.

एवढा खर्च आत्ता जमत नसेल तर दुसरा मार्ग आहे, तो सगळ्यात स्वस्त. घराच्या वायरिंगला हातच लावायचा नाही. जनरेटरवरच्या सॉकेटमध्ये चांगल्या जाड, तीन तारांच्या वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड लावायचा आणि त्यावर फ्रिज, दोन दिवे, टेबलफॅन, मोबाइल. छताचा पंखा फिरणार नाही, पण चार दिवस निभावून जातं की!

काय काय चालवायचं याचाही हिशोब घरातल्या बाईनंच करावा. २ केव्हीएचा जनरेटर म्हणजे साधारण १६०० वॉट. फ्रिज चालताना दीडशे-दोनशे वॉट घेतो, पण सुरू होताना काही पट जास्त ओढतो. मिक्सर पाचशे-साडेसातशे. १ हॉर्सपॉवरचा पंप ७४६ वॉटचा, तोही सुरू होताना झटका देतो, तेव्हा छोट्या जनरेटरवर नकोच. गीझर २ हजारांचा, तो तर विसराच. आधी जनरेटर सुरू करून एका लयीत येऊ द्यायचा, मग दांडी फिरवायची, मग एकेक वस्तू लावायची. बंद करताना उलट क्रम.

आणि कळकळीची विनंती, जनरेटर पडवीत, माजघरात, जिन्याखाली ठेवू नका. पावसानं भिजेल म्हणून आपण तो आत ओढतो आणि दारं लावून घेतो. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं आणि झोपेतच माणूस जातो. घरापासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड दारंखिडक्यांच्या उलट दिशेला आणि वर उघड्या बाजूंचं छप्पर, असाच तो ठेवा. पेट्रोल भरायचं ते जनरेटर बंद करून, थंड झाल्यावर. कंदिलाच्या उजेडात तर मुळीच नाही.

छतावरच्या सोलरबद्दल बायका विचारतात, 'ताई, एवढं सोलर बसवलं, मग लाईट गेली की तेही बंद का पडतं?' नुसतं लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर मुद्दामच तसं बनवलेलं असतं. लाइन बंद झाली की त्यानंही गप्प बसायचं, कारण लाइनवर माणूस काम करत असतो. त्या यंत्राला जे शिकवलंय, ते आपल्याला जमू नये?

'वायरिंग म्हणजे पुरुषांचं खातं' हे आता पुरे झालं. जनरेटर आणणारा माणूस दिवसभर कामावर असतो. तो चालू करते, बंद करते, त्याच्याजवळ पोरांना सांभाळते ती बाईच. मग तो कसा जोडलाय हे विचारायचा पहिला हक्क तिचाच आहे. 'तुला त्यातलं काय कळतं' असं कुणी म्हटलं तर सरळ सांगा, 'मला कळतं ते एवढंच, की ही दोन तोंडांची वायर माझ्या घरात राहणार नाही.'

बचत गटांना माझी एक सूचना आहे. पहिला पाऊस पडायच्या आत एका परवानाधारक वायरमनला बोलवा. ज्यांच्याकडे जनरेटर आहेत त्या सगळ्यांचं काम एकदमच काढा, म्हणजे त्यालाही परवडतं आणि आपल्यालाही. पैसे कमी पडले तर गटातून कर्ज द्या. आपण शिलाई मशीनला देतो, शेळीला देतो, मग जीव वाचवणाऱ्या स्विचला का नाही? गणपतीच्या मांडवातला जनरेटर कसा जोडलाय, तेही मंडळाच्या पोरांना विचारा. आणि पावसात तुटलेली तार दिसली तर ती बंदच असेल असं समजू नका. लांब राहा, मुलांना लांब ठेवा आणि १९१२ वर कळवा.

आज संध्याकाळी दिवेलागणीला एकच काम करा. माळ्यावर, ट्रंकेत, जनरेटरच्या खोक्यात ती दोन्हीकडे पिना असलेली वायर आहे का बघा. सापडली तर एक प्लग कापून टाका. नवऱ्यानं विचारलं तर हा लेख दाखवा!