बिनकेसाचा कुत्रा: हौसेचा आणि गल्लीतला

डोक्यावर तुरा, शेपटीला झुपका, पायांत मोजे घातल्यासारखे केस आणि बाकी अंग उघडे, असा चिमुकला कुत्रा मोबाइलवर पाहून हल्ली मुले हट्ट धरतात. त्याचे नाव चायनीज क्रेस्टेड. वजन चार-पाच किलो, स्वभाव लाघवी, माणसाला चिकटून राहणारा.

केस का नाहीत, हे २००८ साली कळले. फॉक्सआय३ या जनुकातला एक बदल केसांबरोबर दातही नेतो. म्हणून या कुत्र्यांचे काही दात उगवतच नाहीत. हा बदल आई आणि बाप दोघांकडून आला, तर पिल्लू पोटातच दगावते. एकाकडूनही आला नाही, तर त्याच वेतातले पिल्लू अंगभर केसाळ निघते. ते पाहून विकणाऱ्याने फसवले, असे समजू नये.

आमच्या तळवड्यातल्या पत्र्याच्या खोल्यांत हा कुत्रा आणणे आम्हाला काही पटत नाही. उन्हाने त्याची कातडी भाजते, थंडीत तो कुडकुडतो. कोणी आणलाच असेल, तर दुपारी बाहेर काढू नये, थंडीत अंगात सुती कपडा घालावा, सौम्य साबणाने आंघोळ घालावी. तेल चोपडू नये; त्याने रंध्रे बुजून पुटकुळ्या येतात. आणि दातांकडे लक्ष हवेच.

गल्लीत केस गेलेला जो कुत्रा दिसतो, तो मात्र या जातीचा नव्हे. त्याला बहुधा लूत लागलेली असते. डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत बिळे करतात. कानांच्या कडा आणि कोपरांवर खपल्या धरतात, जीव खाजवून हैराण होतो. अशा कुत्र्यावर वर्कशॉपमधले जळके ऑइल ओतायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मंडळी, ते करू नका! कुत्रा अंग चाटतो, ऑइल पोटात जाते. लूत राहते बाजूला, वर विषबाधा होते.

लूत औषधाने बरी होते. त्यासाठी पशुवैद्याला दाखवावे. गुरांचे आयव्हरमेक्टिन आणून अंदाजाने टोचू नये. कोली जातीच्या व तिच्या संकरातल्या काही कुत्र्यांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होऊन ते मरूही शकतात. उपचार चालू असताना मुलांनी त्या कुत्र्याला कुरवाळू नये, कारण एका प्रकारच्या लुतीची खाज माणसालाही लागते. त्याची गोणपाटे कडक पाण्यात धुवावीत. लूत गेली की केस हळूहळू परत येतात.