चिठ्ठीवर तास लिहा

या महिन्यात संपादकांच्या टेबलावर एक चिठ्ठी येऊन पडली आहे. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत प्रॅक्टिस करणाऱ्या एका वाचक रेडिऑलॉजिस्टांनी रुग्णाचं नाव खोडून तिची प्रत पाठवली. मजकूर एवढाच: ‘डाव्या बाजूला लकवा, एमआरआय ब्रेन’. झटका कधी आला, पत्ता नाही. शिक्का तपासणीच्या दिवसाचा. सोबतच्या पुतण्याला विचारलं, तर ‘गावाला असताना झालं’ यापुढे त्याला काही सांगता येईना.

फिल्मवर उजव्या थॅलॅमसमध्ये टी१ला पांढरी, टी२ला काळी गाठ. म्हणजे पेशींच्या आतलं मेटहिमोग्लोबिन, साधारण ३ ते ७ दिवसांचं. या ‘साधारण’वर किती भिस्त ठेवायची? ऑक्सिहिमोग्लोबिनपासून हिमोसिडरिनपर्यंतचा प्रवास प्रत्येक मेंदूत एकाच वेळापत्रकाने होत नाही. गाठीचा आकार, हिमॅटोक्रिट, भोवतालचा ऑक्सिजन यांनी तो पुढेमागे होतो. मॅग्नेटच्या ताकदीने तो दिसतोही वेगळा. झटक्याची वेळ हाती असली की रंगद्रव्याची साक्ष तिच्याशी ताडता येते. दोन्ही जुळली नाहीत, तर पुन्हा रक्तस्राव झाला का, ही शंका वेळीच घेता येते. वेळच नसेल तर ‘क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे’ असं लिहून हात टेकावे लागतात, आणि ती माहिती ज्यांच्याकडे असते त्यांनीच ती लिहिलेली नसते.

दुसरा दोष आपल्याच सेंटरांचा. एमआरआयच्या स्वस्त पॅकेजमधून जीआरई किंवा एसडब्ल्यूआय, म्हणजे जुन्या रक्ताची खूण टिपणारे सिक्वेन्स, गाळले जातात.

झटक्यानंतर काही महिन्यांनी सीटीवर जुना रक्तस्राव आणि जुना इन्फार्क्ट, दोन्ही काळ्या पोकळ्याच दिसतात. पर्ल्सच्या स्टेनने निळं उठणारं हिमोसिडरिनमधलं लोखंड मात्र मॅक्रोफेजमध्ये वर्षानुवर्षं टिकतं आणि जीआरईवर काळी कड उमटवतं. रक्त पातळ करणारी गोळी सुरू करावी का, हे ठरवताना ती कड आणि कॉर्टेक्सलगतचे काळे ठिपके पाहावेच लागतात. काही मिनिटं वाचवण्यासाठी हा पुरावा टाकून देणं अक्षम्य आहे.

फिजिशियन मंडळींनो, रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता, ते तारीख आणि तासासह लिहा. त्याला बोलता येत नसेल तर घरी फोन लावा. सेंटर चालवणाऱ्या सभासदांनी तातडीच्या रुग्णाला या ओळीसाठी थांबवू नये. तो आत असताना नातेवाइकांकडून ती भरून घ्यावी. जीआरई पॅकेजमध्ये परत आणा. आणि कोरी चिठ्ठी आलीच, तर ती पाठवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.